चार बोटं सैल

यंदाही धुकं वेळेवर आलं. ग्वाल्हेरचे आम्ही मराठी लोक त्याला कुहराच म्हणतो, कारण धुकं म्हटलं की घाटात सहलीला गेल्यासारखं वाटतं आणि इथलं प्रकरण तसं नसतं. हा येतो आणि दोन-दोन आठवडे मुक्काम ठोकतो. दर्पण कॉलनीतलं आमच्या समोरचं घर सकाळी दहापर्यंत दिसत नाही. दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नाहीत, वर्तमानपत्र हाताला दमट लागतं, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गजक कुटत असल्याचा ठक-ठक आवाज येतो, कुटणारा मात्र दिसत नाही. भाजलेल्या तिळाचा वास सरळ घरात शिरतो. त्याला कुहऱ्याचं काही सोयरसुतक नसतं.

या दिवसांत आकाश गप्प असतं. एरवी हवाई तळावरून लढाऊ विमानं उडाली की आमच्या स्वयंपाकघरातल्या झाकण्या वाजतात आणि आई ओरडते, विमानांवर नव्हे, झाकण्यांवर. कुहऱ्यात कुणी उडत नाही. माझ्या वडिलांना, आबांना, ही शांतता सोसायची नाही. "आज कुणी उडालं नाही," असं ते सकाळच्या चहाला म्हणायचे, आणि आवाज असा की घरातलंच कुणी न जेवता निजलंय. आबा जाऊन आता सात हिवाळे झाले. तरी कुहरा पडला की चहाच्या वेळी मी ते वाक्य ऐकायला थांबतो.

परवा अशाच एका सकाळी माझी मुलगी मिनू फोन घेऊन शेजारी येऊन बसली. ती इंदूरला शिकते, सुट्टीला आली आहे. "बाबा, सुनो ना. मला ते पुराने पायलट लोगों वालं लेदर जॅकेट घ्यायचंय. असली तर परवडणारच नाही, पण रीप्रो मिळतात, हूबहू कॉपी. बजट में. तीन शॉर्टलिस्ट केलेत, तुम्ही जरा बघा ना कोणतं सही राहील."

मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणालो, "रविवारी बघू."

आणि मग मला ते दोन शब्द ऐकू आले. स्वतःचेच, पण सात-आठ वर्षांपूर्वीचे. हाच कुहरा, हीच खुर्ची, शेजारी आबा. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं, पण पोरगी उठून गेली होती.

आबा कुणी वैमानिक नव्हते. आमचं घराणं फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आलेलं, पण तलवार भिंतीवर गेली त्याला पिढ्या झाल्या. मग कुणी कारकून झालं, कुणी मास्तर, आणि आबा तळावर वैमानिकांच्या कपड्यांच्या भांडारात लागले. हातमोजे, पट्टे, उड्डाणाचे पोशाख आणि चामड्याची जॅकेटं द्यायची, परत घ्यायची, उसवलेलं शिवायचं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांच्याकडे एक पत्र्याचा डबा होता. त्यात चामड्याला टोचायची आरी, मेणदोरा, जाड सुया आणि शिंप्याची कापडी टेप. खंडेनवमीला भिंतीवरची तलवार उतरवून आम्ही पुजतो, तेव्हा आबा तिच्या शेजारी हा डबाही ठेवत. आई म्हणायची, "तलवारीजवळ सुई कशाला?" आबा म्हणत, "घर कुणी चालवलं? तिनं की हिनं?" मग आई मुकाट्यानं डब्यालाही फूल वाहायची.

माप हा त्यांचा खेळ होता. माणूस दारात उभा राहिला की त्याचा आकडा त्यांना कळायचा. लग्नात नवरदेव बोहल्यावर उभा असताना हे माझ्या कानात, "अडतीस. पण कोट चाळीसचा शिवलाय, खांदा उतरलाय बघ." एकदा मी विचारलं, इतकी जॅकेटं हाताखालून गेली, कधी एखादं घालून पाहिलंत का? ते दचकलेच. "सरकारी वस्तू! अंगाला लावून पाहिलंय मापासाठी. घातलं नाही कधी."

त्यांच्या त्या शेवटच्या हिवाळ्यात, कुठल्याशा नातेवाइकाच्या पोरानं तसलं जॅकेट घातलेलं त्यांनी पाहिलं. महायुद्धाच्या काळातल्या धाटणीचं, तपकिरी, कमरेपर्यंत आखूड, मनगटाला आणि कमरेला विणीची लोकरी पट्टी. त्या मुलानं सांगितलं की जुन्या नमुन्याबरहुकूम नवीन बनवतात आणि सामान्य माणसाला झेपतील अशीही असतात. झालं. सत्तरी पार केलेल्या आमच्या आबांना इच्छा झाली. त्यांनी ती माझ्याकडे बोलून दाखवली ती अशी, "आपण जरा बघायला काय हरकत आहे?"

मग दिनदर्शिकेच्या जुन्या पानामागे त्यांनी यादी काढली. पाठ एका तुकड्याची असावी, जोड नकोत. चामडं बकरीचं चालेल, हलकं असतं आणि टिकतं. चेन पितळी. कफ लोकरीचे, नायलॉन असेल तर दोन थंड्यांत लोंबतील. अस्तर सुती. छातीवर बिल्ले नकोत, पाठीवर चित्र नको, आणि मुद्दाम घासून जुनं केलेलं तर मुळीच नको. "म्हातारपण विकत कशाला घ्यायचं? ते घरबसल्या येतं," असं म्हणून ते स्वतःच हसले. सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित करून त्यांनी लिहिलं होतं: अंगाबरोबर बसावं. हे जॅकेट सैल शोभत नाही, असं ते मला समजावायचे. वैमानिक पट्ट्यांनी आसनाला बांधलेला असतो, जास्तीचं चामडं पट्ट्याखाली चोळामोळा होतं आणि टोचतं. "नक्कल असू दे," ते म्हणत, "पण नकलेनं इमान ठेवावं."

एकदा, एकदाच, मी त्यांना दौलतगंजच्या बाजारात घेऊन गेलो. दुपार होती, पण दिवे लावलेले. दुकानात काळीभोर जॅकेटं ओळीनं टांगलेली आणि दुकानदार हिटरसमोर हात शेकत बसलेला. "प्योर लेदर है अंकल, आँख बंद करके ले जाओ," तो म्हणाला.

आबांनी डोळे उघडे ठेवले. एका जॅकेटची बाही चिमटीत धरून अंगठ्यानं दाबली. "हे बघ," मला म्हणाले, "खरं चामडं दाबलं की भोवती बारीक सुरकुत्या पसरतात. तुझ्या-माझ्या कातडीसारख्या. हे बघ, नुसता खड्डा पडतोय." मग दुकानदाराकडे वळून गोड आवाजात, "भैया, ये बकरी किस कारख़ाने में पैदा हुई?"

दुकानदार मनापासून हसला. त्यानं स्टूल पुढे केलं, चहा मागवतो म्हणाला. आबा बसायच्या बेतात होते. त्यांच्या चेहऱ्यावर कोण तरतरी आली होती; ती मला आज आठवते, तेव्हा मी घड्याळ पाहत होतो. स्कूटर आडवी लावली होती, लोक हॉर्न वाजवत होते, आणि चार वाजता मला ऑफिसात एक फाइल द्यायची होती. "आबा, चला. घ्यायचं नाही तर बसून काय करायचं?" मी म्हणालो. ते उठले. पुढे आणखी दोन दुकानं होती, त्यांनी जाता जाता काचेतून पाहिली.

त्यानंतर मोबाइलवर बघायचं ठरलं. संध्याकाळी मी आलो की ते चष्मा पुसून तयार असायचे. "आज बघूया का जरा?" मी म्हणायचो, "रविवारी बघू." रविवारी मी दमलेला असायचो, किंवा कुणी यायचं, किंवा ऊन पडायचं आणि मला ते गच्चीवर एकट्यानं खायचं असायचं. किती रविवार गेले ते मी सांगत नाही. त्यांनी तक्रार केली नाही. ते यादीत भर घालत राहिले. कॉलरला आतून बटण. खिशाच्या झडपेचा कोपरा टोकदार.

आणि एक दिवस मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटांत ते काम उरकलं. उरकलं हाच शब्द बरोबर आहे. यादी मला बऱ्यापैकी पाठ होती, म्हणून वस्तू चांगली निवडली गेली. आबांना सरप्राइझ द्यायचं, असंही मनाला सांगितलं. कामं टाळणारा माणूस हा शब्द फार वापरतो. मापाचं काय? घरी फोन करून विचारलं तर सरप्राइझ कसलं? निवृत्तीच्या निरोप समारंभासाठी त्यांनी शिवलेला कोट मला आठवत होता, त्याचा आकडा आठवला. आणि वर एक माप वाढवून घेतलं, आतून स्वेटर बसला पाहिजे म्हणून. आपल्या घरांत कपडे असेच घेतात, शाळेच्या गणवेशापासून. वाढत्या अंगाचे. मी ते उतरत्या वयाच्या माणसासाठीही तसंच घेतलं.

पार्सल आलं तेव्हा मी निघायच्या घाईत होतो. आबांनी खोकं कात्रीनं कडेकडेनं उघडलं. जॅकेट बाहेर काढलं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. मग पाठ पाहिली, एकसंध. चेन वरखाली केली. कफ ताणून सोडला. अस्तर उलटं करून शिवण मोजली. कॉलरखाली बटण सापडलं तेव्हा मला हाक मारून दाखवलं. "बरोबर आणलंस रे," ते म्हणाले. एवढ्यात आई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आली. नवीन कपडा आमच्याकडे देवापुढे ठेवून, एका टोकाला कुंकवाचं बोट लावल्याशिवाय अंगावर चढत नाही. तिनं आत मानेजवळ, फिक्या अस्तरावर, हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट टेकवलं.

"घे, तू घडी मोड," आबा मला म्हणाले. नवीन कपडा आधी घरातल्या आवडत्या माणसानं घालून द्यायचा, हीसुद्धा आमची जुनी रीत.

"आबा, उशीर होतोय. तुमचं आहे, तुम्हीच घाला."

त्यांनी घातलं. खांद्याची शिवण दंडावर उतरली. बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती. कमरेची पट्टी, जिनं घट्ट धरायचं, ती आबांच्या भोवती नुसती टांगली होती. मी आबांकडे पाहिलं आणि वाटलं, हे इतके बारीक कधी झाले? रोज समोर बसून चहा पीत होतो.

"चार बोटं सैल," आबा म्हणाले. आकडा त्यांना लगेच कळला होता. "काही नाही, स्वेटर घालीन आतून."

परत पाठवायचं ठरलं. दोन दिवसांनी मफलर गुंडाळलेला एक प्रौढ माणूस ते न्यायला आला. त्यानं जॅकेट उलटंपालटं केलं आणि मानेपाशी थांबला. "सर, ये दाग़?"

"दाग नहीं है, भैया. कुंकू है," आई म्हणाली.

"माताजी, मैं तो समझता हूँ. ऊपर वाले नहीं समझेंगे. यूज़्ड लिखना पड़ेगा." त्यानं खरंच वाईट वाटल्यासारखं हात जोडले आणि जॅकेट तिथेच ठेवून कुहऱ्यात दिसेनासा झाला. आई कोयरीकडे बघत राहिली. "मी तर नेहमीसारखंच केलं," ती म्हणाली. तिला बोल लावायचं काही कारण नव्हतं. चूक माझी होती, मी मात्र दिवसभर तिच्यावर धुसफुसत राहिलो.

मग उरलेला हिवाळा आबांनी ते जॅकेट घातलं. रोज. आत दोन स्वेटर. बाहीचं जास्तीचं चामडं मनगटावर गोळा व्हायचं, कारण विणीचा कफ पुढे अडवायचा. खालून वारा शिरायचा, ते हातानं पट्टी आवळून चालायचे. शेजारच्यांनी थट्टा केली, "काकाजी, किसका पहन लिया?" आबा ताठ होऊन म्हणाले, "बेटे ने दिलाया है!" मी मागेच उभा होतो. मला आनंद व्हायला हवा होता. मला लाज वाटली, आणि लाजेचा मला राग येतो.

घरात शिरल्या शिरल्या मी बोललो. "जन्मभर दुसऱ्यांची जॅकेटं नीट केलीत. आपलं एक होत नाही? डबा आहे, सुया आहेत, हात आहेत. घाला की टाके. का मी चूक केली ते गावभर दाखवायचंय?"

आबांनी जॅकेट काढलं, नीट खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. "चामड्यात सुईचं भोक बुजत नाही रे," एवढंच म्हणाले. "कापडाचं निराळं. ते उसवलं की पुन्हा होतं तसं. हे एकदा आत घेतलं की कायमचं लहान झालं."

मला वाटलं, म्हातारा सबब सांगतोय. मी आत निघून गेलो.

थंडी सरता सरता, होळीच्या आठवडाभर आधी, आबा दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. कुहरा विरला होता. विमानं उडत होती, झाकण्या वाजत होत्या, आणि त्या दिवशी आई झाकण्यांवर ओरडली नाही.

उन्हाळ्यात कपाट आवरताना जॅकेट हाती आलं. उशीच्या सुती अभ्र्यात घातलेलं, कारण प्लॅस्टिकमध्ये चामडं गुदमरतं असं आबा म्हणायचे. मी ते कुणाला तरी देऊन टाकू म्हणालो. आई गहू निवडत होती. "देऊ नकोस," ती म्हणाली. "तुझ्यासाठी ठेवलंय त्यांनी. म्हणायचे, चुकून का होईना, पोराच्या मापाचं आलंय. मी आत घेतलं तर त्याला कधीच होणार नाही. माझे किती हिवाळे राहिलेत, सैलच घालतो."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगणार होते. म्हणाले, आत्ता सांगितलं तर त्याला चुटपुट लागेल. एखाद्या रविवारी निवांत बसला की सांगीन."

मी जॅकेट अंगावर चढवलं. खांद्याची शिवण खांद्यावर बसली. कमरेची पट्टी कमरेला लागली. त्यांच्या यादीतली ती ओळ, दोनदा अधोरेखित केलेली, माझ्या अंगावर जुळली होती. फक्त बाह्यांवर, मनगटाच्या वर चार बोटं, आडव्या चुण्या पडल्या होत्या, जिथे त्यांच्या हातावर चामडं गोळा व्हायचं तिथे. मी हात ताणले तरी त्या गेल्या नाहीत. मी ते काढलं आणि पुन्हा अभ्र्यात घातलं. सात वर्षं ते तिथेच आहे. थंडी वाजत नाही असं मी लोकांना सांगतो.

तर परवा मिनू उठून गेली. मी आत जाऊन कपाटाच्या तळातून पत्र्याचा डबा काढला. खंडेनवमीला तो अजून तलवारीशेजारी असतो. यंदाचं वाळलेलं फूल झाकणाला चिकटलेलं होतं. आतली कापडी टेप मधेमधे पिवळी पडली आहे, पण आकडे दिसतात.

"मिनू, इकडे ये. आण तो फोन."

"अभी? तुम्ही तर संडे बोलला होतात."

"आत्ता. पण आधी माप घेऊ. ताठ उभी राहा."

ती खिडकीपाशी उभी राहिली. मागे सगळं पांढरं. मी तिच्या एका खांद्याच्या हाडावर टेपचं टोक धरलं आणि दुसऱ्यापर्यंत नेलं, आबा न्यायचे तसं, टेप न ताणता. "सव्वापंधरा," मी म्हणालो. तिनं फोनमध्ये लिहिलं. मग हात, मग छाती, मग कंबर. मधेच ती म्हणाली, "बाबा, इतना परफेक्ट कोण मोजतं? सीधा मीडियम मागवून टाकू."

"नको," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण ती हलायची थांबली. मग हळूच म्हणाली, "आबाआजोबा असंच मोजायचे ना? त्यांचं किती होतं?"

मी टेप गुंडाळायला घेतली. स्वयंपाकघरात आईनं गॅसवर चहा चढवला होता, बाहेर कुणी उडत नव्हतं. सगळ्या तळाची मापं ज्या माणसाला तोंडपाठ होती, त्याच्या खांद्याला मी टेप कधी लावलीच नव्हती.

"माहीत नाही," मी म्हणालो.